यंत्राची बुद्धी आणि कर्त्याचे नाव

मराठी संतकवींनी अभंगाच्या अखेरच्या चरणात आपले नाव गुंफण्याची प्रथा शतकानुशतके पाळली. छापखाना नव्हता, करारपत्रे नव्हती, न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती, अशा काळात रचना कोणाची हे सांगणारी नाममुद्रा हीच एक खूण होती. तीही पुसली जात असे. तुकोबांच्या अभंगांतील त्यांचे नाव काढून तेथे स्वतःचे नाव घालणाऱ्या सालोमालोची हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दुसऱ्याची रचना आपली म्हणून मिरविणे ही चोरीच होय, ही जाण आपल्या समाजात कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आज या जुन्या प्रश्नाने नवे रूप धारण केले आहे. सालोमालोने एका नावाच्या जागी दुसरे नाव घातले. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र लाखो लेखकांच्या रचना वाचते आणि त्यांच्या आधारे नवा मजकूर तयार करताना बहुधा कोणाचेच नाव घेत नाही. शाळेसाठी स्वागतगीत, ग्रामसभेची सूचना, योजनेची माहितीपत्रिका, भित्तिपत्रकावरील चित्र ही सारी कामे आता हे यंत्र क्षणार्धात करून देते. या सोयीचा लाभ घेत असतानाच, ज्यांच्या लेखनावर व कलेवर यंत्राचे शिक्षण झाले त्यांचा हक्क काय, याचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना या विषयाची तोंडओळख व्हावी आणि त्यात आपला वाटा कोणता हे ध्यानात यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्र शिकते म्हणजे काय?

भाषेचे काम करणाऱ्या यंत्रणेस प्रथम प्रचंड प्रमाणावर मजकूर पुरविण्यात येतो. त्यात पुस्तके असतात, वृत्तपत्रे असतात, संकेतस्थळांवरील लेख असतात. हा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागून त्याचे आकड्यांत रूपांतर केले जाते. एका तुकड्यानंतर कोणता तुकडा येण्याचा संभव अधिक, याचे अनुमान यंत्र पुनःपुन्हा करते आणि अनुमान चुकले की आपल्या आतील कोट्यवधी अंकांत किंचित फेरफार करते. ही क्रिया अगणित वेळा झाल्यानंतर यंत्रात भाषेच्या सवयींचे एक गणिती रूप तयार होते. पुस्तकांचे कपाट जसे असते तसा तो संग्रह नसतो. तथापि एखादा मजकूर शिक्षणाच्या वेळी वारंवार आला असेल, तर तो जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडल्याचीही उदाहरणे आहेत. जर्मनीतील म्युनिक येथील प्रादेशिक न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काही जर्मन गीतांच्या बाबतीत याच कारणावरून ओपनएआय या कंपनीविरुद्ध निकाल दिला.

यावरून वाचकांच्या लक्षात येईल की, हक्काचा प्रश्न तीन टप्प्यांवर उद्भवतो. पहिला टप्पा मजकुराच्या प्रती गोळा करण्याचा, दुसरा त्यांवर यंत्रास शिकविण्याचा आणि तिसरा यंत्राने तयार केलेल्या कृतीचा. या तिन्हींची गल्लत केल्यास चर्चा भरकटते. परवानगीवाचून प्रत घेणे हा दोष ठरला, तरी शिकविणे हा दोष ठरेलच असे नाही. आणि शिकविणे मान्य झाले, तरी मूळ कृतीशी जुळती नक्कल बाजारात आणणे मान्य होत नाही.

आपला कायदा काय सांगतो?

स्वामित्वहक्क, म्हणजेच व्यवहारात ज्याला आपण कॉपीराइट म्हणतो, त्यासंबंधीचा आपला कायदा १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आहे. त्यातील चार गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, कायदा कल्पनेस संरक्षण देत नाही; त्या कल्पनेच्या अभिव्यक्तीस देतो. १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. दुष्काळावर कथा लिहिण्याचा मक्ता कोणा एकाकडे नाही. मात्र एका लेखकाने लिहिलेली दुष्काळाची कथा त्याची असते. एखाद्या लेखकाच्या शैलीत लिहिणे आणि त्याचे वाक्य उचलणे यांत कायदा भेद करतो, आणि यंत्राच्या संदर्भात पुष्कळसा वाद याच सीमारेषेवर आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हा हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. ती १९९२ च्या दुरुस्तीने वाढविण्यात आली. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे लेखन २०१० च्या अखेरीस सर्वांसाठी खुले झाले. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये निवर्तले; त्यांच्या साहित्यावरील हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत राहील. कुसुमाग्रजांच्या बाबतीत हे वर्ष २०५९ असे येते. जुने पुस्तक म्हणजे मुक्त पुस्तक, हा समज यास्तव बरोबर नाही.

तिसरी गोष्ट न्याय्य वापराची. खाजगी वापर व संशोधन, टीका वा समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त इत्यादी कारणांसाठी केलेला न्याय्य वापर कलम ५२ अन्वये उल्लंघन ठरत नाही. यंत्रास शिकविण्यासाठी केलेल्या वापराचा उल्लेख या कलमात नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यात वादाचा एक प्रमुख मुद्दा हाच आहे.

चौथी गोष्ट नावाची. हक्क दुसऱ्यास विकून टाकला तरी कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा लेखकाचा विशेष हक्क कलम ५७ अन्वये कायम राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडविलेले भित्तिशिल्प शासनाने काढून टाकले होते. त्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्पाचा मोबदला शासनाने पूर्वीच दिला होता. तेवढ्याने कर्त्याचे त्या कृतीशी असलेले नाते संपुष्टात आले नाही.

यंत्राने तयार केलेल्या कृतीचा कर्ता कोण, या प्रश्नावर आपला कायदा अगदीच मूक नाही. संगणकाच्या साहाय्याने निर्माण झालेल्या कृतीच्या बाबतीत, जी व्यक्ती ती कृती निर्माण होण्यास कारणीभूत ठरते ती व्यक्ती कर्ता मानावी, अशी व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीने घातली गेली. परंतु तेव्हाचा संगणक आणि आजचे यंत्र यांत मोठे अंतर आहे. दोन ओळींची आज्ञा देणारा कारणीभूत, की यंत्र घडविणारी कंपनी कारणीभूत, हे त्या व्याख्येवरून ठरत नाही.

इतर देशांनी धरलेल्या वाटा

जपानने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, कृतीचा आस्वाद घेण्याचा हेतू नसलेल्या माहिती-विश्लेषणासारख्या वापरास मुभा दिली. मात्र हक्कधारकाच्या हितास अवाजवी बाधा येऊ नये अशी अट घातली. युरोपीय संघाने २०१९ च्या निदेशान्वये अशा वापरास परवानगी देतानाच, नकार नोंदविण्याचा अधिकार लेखक-प्रकाशकांना दिला. पुढे २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने सर्वसाधारण उपयोगाची यंत्रणा बनविणाऱ्यांवर आणखी बंधने घातली. शिक्षणासाठी कोणता आशय वापरला याचा गोषवारा प्रसिद्ध करणे हे त्यांपैकी एक असून ते २ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाले.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयांतून सुटत आहे. तेथील एक प्रकरण आपण बारकाईने पाहण्यासारखे आहे. काही लेखकांनी अँथ्रोपिक या कंपनीविरुद्ध दावा केला होता. सॅन फ्रान्सिस्को येथील संघीय न्यायालयाने जून २०२५ मध्ये असे म्हटले की, पुस्तकांवर यंत्रास शिकविणे हा न्याय्य वापर होय. परंतु चोरट्या संग्रहांतून सत्तर लाखांहून अधिक प्रती उतरवून ठेवणे न्याय्य नव्हे. त्यानंतर कंपनीने तडजोडीपोटी १५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले व सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यास प्राथमिक मान्यता दिली. प्रत्येक पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर असा हा हिशेब होता. मात्र त्यास पात्र ठरलेली पुस्तके सुमारे ४ लाख ८० हजार एवढीच होती. एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती असणे हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण असे की, ज्यांची अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयात विहित मुदतीत नोंद झालेली होती अशीच पुस्तके तडजोडीत धरण्यात आली. नोंद नसलेल्या पुस्तकाचा लेखकही लेखकच होता. त्याची प्रतही कदाचित तेथे होती. पैशाचा वाटा मात्र नोंद असलेल्यासाठीच ठरला.

भारतातील प्रस्ताव

केंद्र शासनाच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी एप्रिल २०२५ मध्ये आठ सदस्यांची समिती नेमली. तिच्या कार्यपत्राचा पहिला भाग डिसेंबर २०२५ मध्ये अभिप्रायार्थ प्रसिद्ध करण्यात आला. त्यातील मुख्य शिफारस अशी की, कायदेशीर मार्गाने उपलब्ध झालेल्या सर्व कृती यंत्राच्या शिक्षणासाठी वापरण्याचा सरसकट परवाना कंपन्यांना असावा, आणि त्याबदल्यात कर्त्यांना स्वामित्वधन मिळण्याचा कायदेशीर हक्क असावा. हे धन हक्कधारकांच्या एका मध्यवर्ती संस्थेने गोळा करून वाटावे, त्याचे दर शासननियुक्त समितीने ठरवावेत आणि ते कंपनीच्या उत्पन्नाशी निगडित असावेत, अशी ही योजना आहे.

या योजनेचे गुण उघड आहेत. गडचिरोलीतील कवीने वा कणकवलीतील नाटककाराने परदेशी कंपनीशी वाटाघाटी कराव्यात, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. सर्वांच्या वतीने एकाच संस्थेने वसुली केल्यास लहान कर्त्यासही वाटा मिळू शकेल. दुसरीकडे आक्षेपही दखल घेण्याजोगे आहेत. सरसकट परवान्यामुळे लेखकाचा नकार देण्याचा अधिकार उरत नाही. नॅसकॉम या माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने तर समितीतच आपले भिन्न मत नोंदविले. सक्तीच्या परवान्याऐवजी, नकाराची सोय ठेवून मोकळीक द्यावी, असा तिचा आग्रह होता. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होत राहतील. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हेही विसरून चालणार नाही.

तथापि त्या कार्यपत्रातील एका अटीकडे आपले लक्ष वेधणे आवश्यक वाटते. स्वामित्वधन मिळण्यासाठी कर्त्याने आपल्या कृतीची त्या संस्थेकडे नोंद केलेली असावी, असे त्यात अभिप्रेत आहे. आपल्या कायद्यानुसार हक्क निर्माण होण्यास नोंदणी लागत नाही. कृती जन्मास आली की हक्कही जन्मास येतो. परंतु पैशाचे वाटप नोंदीशिवाय होऊ शकत नाही. हक्क सर्वांना आणि मोबदला नोंदलेल्यांना, अशी स्थिती अमेरिकेतील तडजोडीत दिसली. सावध न राहिल्यास ती येथेही उद्भवू शकेल.

आवाज आणि चेहरा

लेखनाबरोबर आवाजाचाही प्रश्न निर्माण झाला आहे. गायकाचा आवाज हुबेहूब काढणारी साधने उपलब्ध झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या आवाजाची यांत्रिक नक्कल पुरविणे हे त्याच्या व्यक्तित्वावरील हक्काचे उल्लंघन होय, अशी या आदेशांमागील भूमिका आहे. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या दृश्य व श्राव्य आशयावर तसे नमूद असावे, यासाठी माहिती तंत्रज्ञान नियमांतही फेब्रुवारी २०२६ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. नामवंत कलावंत न्यायालयात जाऊ शकतात. जत्रेत गाणाऱ्या शाहिराचा किंवा गोंधळ्याचा आवाज कोणी ध्वनिमुद्रित करून नेला, तर त्याची दाद कोण घेणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आपल्या मातीतील प्रश्न

पालघर परिसरातील वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे त्या नावाच्या व्यापारी वापरास मर्यादा आल्या. परंतु पांढऱ्या रेषांची ती शैली यंत्राने उचलली, तर मानांकनाने तिला अडविता येईलच असे नाही. आणि १९५७ च्या कायद्यात लोककलेसाठी स्वतंत्र प्रकरण नाही. मात्र एका विशिष्ट चित्रकाराने काढलेले विशिष्ट चित्र ही त्याची स्वतःची कृती असते आणि तिला पूर्ण संरक्षण आहे. अडचण एवढीच की, ते चित्र कोणी काढले याची नोंद क्वचितच ठेवलेली असते.

येथे एक कबुली देणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी एका माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी प्रस्तुत लेखकाने एका पाड्यावरील घराच्या भिंतीवरील चित्राचे छायाचित्र वापरले. चित्र काढणारी बाई दारातच उभी होती. तिने पाणी दिले, चित्रातील लग्नाचा चौक समजावून सांगितला. पुस्तिका छापून आली तेव्हा तिच्यात छायाचित्रकाराचे नाव होते, मुद्रणालयाचे नाव होते. त्या बाईचे नाव विचारण्याचेच राहून गेले होते. पुढे ते चित्र इतरत्रही वापरले गेले. उद्या एखाद्या संस्थेने वारली चित्रकारांना स्वामित्वधन वाटायचे ठरविले, तरी त्या चित्राचा वाटा कोणाकडे पाठवावा हे सांगता येणार नाही. ते नाव कोणा यंत्राने पुसले नाही. लिहून न घेण्याची चूक आमची होती.

याच्या अगदी उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा संग्रह २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. ओव्यांबरोबर त्या गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदविण्याची दक्षता या संग्राहकांनी घेतली. कृत्रिम बुद्धिमत्तेची आजची यंत्रे तेव्हा नव्हती. तरी आज त्या ओव्यांचा वापर कोणी केला, तर श्रेय कोणास द्यावयाचे हे विचारावे लागत नाही.

मराठीत संगणकावर उपलब्ध असलेला मजकूर इंग्रजीच्या मानाने थोडा आहे. त्यामुळे यंत्रास चांगली मराठी यावयाची तर प्रत्येक मराठी लेखकाचे, शाहिराचे, शिक्षकाचे लेखन मोलाचे ठरते. मराठीत बोलणारे यंत्र शेतकऱ्यास, विद्यार्थ्यास आणि अंध व्यक्तीस उपयोगी पडेल. ते व्हावे असेच आपणास वाटते. मात्र ज्यांच्या भाषेवर ते शिकेल त्यांची दखल घेतली जाणे हाही त्याच विकासाचा भाग होय.

आपल्या हाती काय आहे?

(१) शाळांनी वार्षिक अंक व हस्तलिखिते प्रसिद्ध करताना प्रत्येक रचनेखाली विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता व वर्ष नोंदवावे. कविता करणारा बालकही कायद्याच्या दृष्टीने कर्ताच असतो. त्याची कविता संकेतस्थळावर देण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी. यंत्राच्या साहाय्याने केलेल्या लेखनाखाली तसे लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांस आतापासून लावावी.

(२) शासकीय कार्यालयांनी लेखक, चित्रकार, निवेदक यांच्याकडून काम करून घेताना लेखी आदेशात वापराची व्याप्ती स्पष्ट करावी. शासनाच्या निदेशानुसार तयार झालेल्या कृतीवर, विरुद्ध करार नसल्यास, शासनाचा प्रथम हक्क असतो. परंतु कर्त्याचे नाव देण्यास त्यामुळे बाध येत नाही. यंत्राने दिलेला मजकूर वा चित्र छापण्यापूर्वी ते एखाद्या ज्ञात कृतीशी जुळते काय, हे जबाबदार व्यक्तीने पाहावे.

(३) लेखकांनी आपले जुने करार काढून पाहावेत. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार झाला त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या वा व्यापारी उपयोगात नसलेल्या माध्यमाचा हक्क, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, प्रकाशकाकडे जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. नव्या करारात यंत्राच्या शिक्षणासाठी वापर करू द्यावयाचा किंवा कसे, आणि द्यावयाचा तर त्याचे उत्पन्न कसे वाटून घ्यावयाचे, हे स्वतंत्र कलमात लिहावे.

(४) ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील शाहीर, कीर्तनकार, भजनी मंडळे, चित्रकार व ओव्या गाणाऱ्या स्त्रिया यांची एक वही ठेवावी. नाव, कला, रचनेचा पहिला चरण, ती प्रथम केव्हा व कोठे सादर झाली, ध्वनिमुद्रण असल्यास ते कोणी केले, एवढ्या बाबी पुरेशा आहेत. गावातील वाचनालय हे काम सहज करू शकेल. बाहेरून ध्वनिमुद्रणासाठी येणाऱ्यांना त्या वहीत सही करावयास लावावी.

या वहीला आज कायदेशीर नोंदणीचा दर्जा नाही. परंतु उद्या स्वामित्वधनाची योजना प्रत्यक्षात आली आणि नोंदी मागविण्यात आल्या, तर अर्ज भरण्यास आधार म्हणून हीच वही उपयोगी पडेल. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन संसद, न्यायालये आणि केंद्र शासन यांच्या पातळीवर होईल. कर्त्याचे नाव मात्र त्याच्या गावातच माहीत असते आणि तेथेच ते लिहून ठेवता येते. पुढील वेळी कोणाच्या भिंतीवरील चित्र किंवा ओठावरील ओवी कागदावर उतरविण्याचा प्रसंग आला, तर लेखणी ठेवण्यापूर्वी त्या माणसाचे नाव विचारावे, एवढी विनंती आहे.